आजन्म ऋणी

त्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या किडनीच्या वॉर्डात डायलिसिसची आठ मशिनं होती आणि त्यातलं एकही गावाच्या पैशाचं नव्हतं. चार वरच्यांनी दिलेली, चार खालच्यांनी. वरचे म्हणजे नदीच्या उगमाकडचं सरकार आणि खालचे म्हणजे समुद्राकडचं. दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत, आणि मध्ये हा एवढासा देश. मग काय विचारता! वरच्यांनी शाळा बांधून दिली की खालचे रस्त्यापलीकडे, अगदी समोर, दुसरी शाळा बांधत. पोरं होती तेवढीच. खालच्यांनी नदीवर पूल दिला की वरचे शंभर पावलांवर दुसरा पूल देत. नदीत मेलं पाणी नव्हतं, कारण ते वरच्यांनी केव्हाच अडवलं होतं.

वॉर्डाची सिस्टर हा तमाशा बावीस वर्षं बघत आली होती. बाई कामाला वाघ आणि जिभेला तिखट. "द्यायचं तर द्या मेल्यांनो," ती म्हणायची, "पण ताशा वाजवत कशाला देता?" मशिनं आली तेव्हा तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण लवकरच त्यातली मेख कळली. रक्त मशिनपर्यंत नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या असतात, त्या प्रत्येक पेशंटला नव्या लागतात. वरच्यांच्या मशिनला वरच्यांच्याच नळ्या बसत, खालच्यांच्या मशिनला खालच्यांच्या. दवाखान्याच्या मेकॅनिकने एकदा अदलाबदल करून बघितली. अर्ध्या सुताचा फरक निघाला.

"हा फरक चुकून राहिलेला नाही हं सिस्टर," मेकॅनिक म्हणाला होता. "हा डोकं लावून ठेवलाय."

दर तीन महिन्यांनी एकेका सरकारची माणसं कॅमेरा घेऊन पाहणीला येत. वरचे आले की त्यांना खालच्यांची मशिनं डोळ्यांसमोर चालत नसत, आणि खालच्यांचं तेच. आरोग्य खात्याने हात वर केले: तुमचं तुम्ही बघा. सिस्टरने बघितलं. वॉर्डाच्या मधोमध छताला दांडी ठोकून घेतली आणि दोन पडदे शिवून घेतले, एक हिरवा, एक निळा. हिरवा वरच्यांच्या झेंड्याचा, निळा खालच्यांच्या. जे येतील त्यांच्या रंगाचा पडदा टाकायचा आणि दुसऱ्यांची मशिनं त्याच्या आड. पाहुणे खूश. आपल्या रंगाचा पडदा बघून एका बड्या साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. आता काय बोलायचं?

पडद्यापुढे एखादा पेशंट मशिनवर निजलेला हवा आणि त्याने आभार मानायला हवेत, हाही दंडक होता. भाषण खात्याकडून टाइप होऊन आलेलं, देशाच्या नावाची जागा तेवढी कोरी: "अमुक देशाच्या थोर जनतेने आणि दूरदर्शी सरकारने दिलेल्या या जीवनदानाबद्दल मी आणि माझं कुटुंब आजन्म ऋणी आहोत." बाकीचे पेशंट ते म्हणताना अडखळत, एक तर रडायलाच लागला. शेवटी ते काम कायमचं गेलं सिस्टरच्या थोरल्या जावेकडे.

जाऊबाई सव्वीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या. आवाज असा की शेवटच्या फलाटावर पेंगणारा माणूसही उठून पिशवी चाचपायचा. नवरा गेल्यावर त्या धाकट्या दिराच्या, म्हणजे सिस्टरच्या घरी राहायला आल्या, आणि चार वर्षांपूर्वी किडन्यांनीही हात टेकले. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, वरच्यांचं दोन नंबरचं मशिन. खालचे आले की तेवढ्यापुरत्या खालच्यांच्या मशिनवर. दोघी जावांचं घरात फारसं पटायचं नाही. चहात साखर किती इथपासून वाद. पण आभार मानायला जाऊबाईंसारखं माणूस नव्हतं. शब्द अन् शब्द सुटा, चेहरा शांत, मनात काय चाललंय ते कॅमेऱ्याच्या बापाला कळायचं नाही.

अडचण एकच होती. दोन्ही देशांची सरकारी नावं हातभर लांब आणि ऐकायला सारखीच, प्रत्येकात "संयुक्त" आणि "लोक" आणि आणखी काय काय. त्यासाठी सिस्टरने युक्ती काढली. "नावाचा विचारच करू नका जाऊबाई. पडदा बघा आणि बोला. हिरवा तर वरचे, निळा तर खालचे."

"म्हणजे सिग्नल," जाऊबाई म्हणाल्या. "हे बरंय. सिग्नलवर माझा आयुष्यभर विश्वास आहे."

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग त्या डोंगराचं निघालं.

दोन्ही सरकारांचा एका उजाड डोंगरावर दावा होता. गवताची काडी उगवत नव्हती तिथे. जगातल्या सगळ्या देशांच्या सभेत त्यावर मतदान आलं आणि दोघांनीही या छोट्या देशाला कानात सांगितलं, आमच्या बाजूने हात वर करा, नाहीतर बघा. आपले शहाणे काय करतात? कोणाच्याच बाजूने हात वर करत नाहीत. तटस्थ! परराष्ट्रमंत्री रेडिओवर म्हणाले की ही आमची संतुलित भूमिका आहे. सिस्टर तेव्हा पेशंटची सुई काढत होती. ती म्हणाली, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आता बघा मजा."

मजा आठ दिवसांत दिसली. खालच्यांनी नळ्या पाठवणं "तांत्रिक कारणास्तव" थांबवलं. वरच्यांचा ट्रक निघाला खरा, पण नाक्यावर उभा केला. आपला नव्हे, त्यांच्याच नाक्यावर. "तपासणी चालू आहे." वॉर्डापासून चाळीस मिनिटांच्या अंतरावर नळ्यांची खोकी ताडपत्रीखाली पडून, आणि इथे कपाटाचे कप्पे पुसून ठेवलेले.

मंगळवारी जाऊबाईंचं मशिन झालं ते शेवटचं. शुक्रवार गेला. पुढचा मंगळवार गेला. दोन दिवसांनी, गुरुवारी, सिस्टरने त्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा वजन सहा किलो वाढलेलं होतं. ते सगळं पाणी होतं. पाय असे सुजलेले की चप्पल हातात घेऊन यावं लागलं. चार पावलांवर दम लागत होता. आणि रक्तात घाण साचली की डोकं धुक्यात जातं, तसं झालं होतं. सकाळी त्यांनी सिस्टरला विचारलं, "तुझी ड्यूटी कुठल्या डेपोला लागलीय गं?"

ही बाई भांडायची, टोमणे मारायची, भाजी कापून झाल्यावरसुद्धा "अशी नाही, तशी" म्हणायची; पण चुकायची नाही कधी.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. भिडस्त माणूस, मंत्र्याच्या फोनवरही उभा राहून बोलणारा. "उद्यापर्यंत मशिन लागलं नाही," ते म्हणाले, "तर छातीत पाणी भरेल. मग माझ्या हातात काही नाही."

"आणि कोणाच्या हातात आहे?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

अकराच्या सुमाराला फोन आला, वरच्यांचे विकास सल्लागार अर्ध्या तासात पोचताहेत. नळ्यांचं काहीतरी होण्यासारखं आहे, पेशंट तयार ठेवा. सिस्टरच्या पायाला चाकं लागली. जाऊबाईंना दोन नंबरच्या मशिनशेजारी निजवलं, पाठीशी तीन उशा दिल्या, केस विंचरले, हातावर नुसती पट्टी चिकटवली. सुई टोचून जोडणार कशाला, नळ्याच नव्हत्या! वॉर्डावर एक नजर फिरवली. पडदा ओढलेला होता, खालच्यांची मशिनं झाकलेली होती. ती तेवढंच बघून दाराकडे धावली.

सल्लागार तिशीचा असेल. चकचकीत बूट, मऊ आवाज. आपली भाषा आपल्यापेक्षा शुद्ध बोलत होता. सोबत कॅमेरेवाला.

"ट्रकबद्दल आम्हालाही फार वाईट वाटतं, सिस्टर," तो म्हणाला. "पण आमच्या देशातल्या लोकांचा प्रश्न असा आहे, की ज्यांनी सभेत आमच्यासाठी साधा हात वर केला नाही, त्यांना आम्ही का द्यावं? लोकांना दिसायला हवं की इथल्या सामान्य माणसाला जाण आहे. दोन मिनिटांची फिल्म. ती वर गेली, की मी नाक्यावर फोन करतो."

"आज?"

"इथूनच."

सिस्टरच्या जिभेवर पन्नास उत्तरं आली. हात वर करायचा होता तो मंत्र्याने, आणि सूज हिच्या पायाला? पण तिने ती गिळली. अडला हरी म्हणतात ना. ती म्हणाली, "या साहेब. पेशंट तयार आहे."

कॅमेरा लागला. जाऊबाईंनी डोळे उघडले. सिस्टरने कानाशी वाकून सांगितलं, "जाऊबाई, आभार. नेहमीचं." त्यांनी मान हलवली. मोठ्या मुश्किलीने श्वास जमवला, शिकवल्याप्रमाणे पडद्याकडे बघितलं, आणि तो सव्वीस वर्षांचा आवाज लागला. इतक्या दुखण्यातही काय लागला! खणखणीत. देशाचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता. थोर जनता, दूरदर्शी सरकार, आजन्म ऋणी.

नाव खालच्यांचं होतं.

सिस्टरने झटकन वर बघितलं. पडदा निळा! दीड महिन्यापूर्वी खालचे येऊन गेले, तेव्हापासून तो कोणी बदललाच नव्हता. कोणी म्हणजे कोण? तीच. दांडी तिची, पडदे तिचे, युक्ती तिची. शुद्धीवरच्या जाऊबाईंनी समोरचा माणूस ओळखला असता आणि सांभाळून घेतलं असतं. पण आज त्या बाईकडे फक्त सिग्नल उरला होता, आणि तो हिने चुकीचा दिला होता.

सल्लागाराचं हसू तसंच होतं, फक्त गोठलेलं. "परत घेऊ," तो म्हणाला.

सिस्टर मध्ये उभी राहिली, पडदा झाकायला. पण पडदा केवढा आणि ती केवढी! कॅमेरेवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. त्याच्यासमोर पडदा बदलावा तर आतली चार मशिनं उघडी पडणार. तिने जाऊबाईंच्या कानात वरच्यांचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. जाऊबाईंनी पडद्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं, आणि पुन्हा पडद्यावरच विश्वास ठेवला. खालच्यांचं नाव, आणखी ठासून.

तिसऱ्यांदा त्यांचं धुकं दाट झालं होतं. कपाळावर आठी पडली, समोर कोण उभं आहे ते शोधलं, कोणीतरी प्रवासी असावा असं ठरवलं. "कृपया इकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या. "वरच्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या रद्द झालेल्या आहेत. प्रवाशांनी चौकशी खिडकीशी गर्दी करू नये. चौकशीचा उपयोग नाही."

कॅमेरेवाला फिसकन हसला. सल्लागाराने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला.

"हे रेकॉर्ड झालंय," सल्लागार म्हणाला. "हे मी वर कसं दाखवू? आमच्याच पलंगावर निजून आमच्या शत्रूचे आभार. आपण पुढच्या आठवड्यात बघू."

मग मात्र सिस्टरचा तोल गेला. "पुढच्या आठवड्यात कोणाला बघणार तुम्ही? तिला? अहो, ही बाई शुद्धीत नाही! नऊ दिवस तिच्या रक्तातली घाण निघालेली नाही, ती घाण बोलतेय, आणि ती काढणाऱ्या नळ्या तुम्ही ट्रकमध्ये अडवून ठेवल्यात. तुमच्या त्या टकल्या डोंगरापायी! शरम वाटत नाही? नळ्या द्यायच्या नाहीत आणि वर आभार नीट मानत नाही म्हणून रुसायचं! हत्तीएवढे देश तुम्ही आणि भांडता काय, कोण आपल्याला जास्त चांगलं म्हणालं म्हणून. बालवाडीत शोभतं हे!"

डॉक्टर दारात येऊन उभे होते, ते हळूच मागे सरकले.

सल्लागार रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "तुमच्या भावना समजतात," तो म्हणाला. "दुसरा कोणी पेशंट आहे का बोलण्यासारखा?"

दुसरे पाच होते. दोघं घरी आडवे, एकाला उलट्या, एक बोलताना धापा टाकत होता, आणि पाचवीने आदल्या दिवशीच बोलणं सोडलं होतं. सिस्टरने ते सांगितलं.

"मग तुम्ही?"

"मी?"

"गाउन आहे, पलंग आहे, मशिन आहे. चेहरा थकलेला आहेच."

"अहो, पण मी पेशंट नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "फिल्म बघणाऱ्यांना कुठे माहीत आहे?"

सिस्टरने जाऊबाईंकडे बघितलं. ओठ निळसर पडायला लागले होते. घशात घरघर होती. बावीस वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्यापुढे आता लोटांगण घालायचं होतं, आणि विचार करायलाही वेळ नव्हता. तिने मेकॅनिकला हाक मारली. दोघांनी मिळून जाऊबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून व्हरांड्यात ठेवलं. ती न्हाणीघरात गेली, गणवेश उतरवला, पेशंटचा गाउन चढवला, पाठीमागच्या नाड्या बांधल्या. हातावर पट्टी लावली. जाऊबाई उठल्या त्याच जागी निजली. चादर अजून कोमट होती.

पडदा निळाच होता. कॅमेरेवाल्याने तो चौकटीबाहेर ठेवला, एवढं सोपं होतं ते.

तिने आभार मानले. आवाज फुटका निघाला. "अजून थोडं," सल्लागार म्हणाला, "खालच्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं, असं एक वाक्य घ्या." तिने घेतलं. खोटं तरी कुठे होतं? सोडलं तर दोघांनीही होतं. चार वेळा घेतलं. चौथ्या वेळी संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढंच त्याला हवं होतं.

"सुंदर," तो म्हणाला. "अगदी मनापासून वाटतं." आणि त्याने खिशातून फोन काढला.

ट्रक अडीचला आला. तीनला जाऊबाई मशिनवर होत्या. पहिल्या तासात घरघर कमी झाली, दुसऱ्या तासात ओठांचा रंग परतला. डॉक्टरांनी दमाने घ्यायला सांगितलं होतं, म्हणून त्या दिवशी अर्धंच पाणी काढलं, उरलेलं शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी त्यांनी डोळे नीट उघडले आणि म्हणाल्या, "ही उशी कोणी अशी ठेवली? माणसाची मान आहे की बिजागरी?" सिस्टर व्हरांड्यात जाऊन रडली. मग तोंड धुऊन आली आणि उशी सरळ केली.

प्रकरण इथे मिटलं असतं तर ठीक होतं. पण वरचे पक्के. पुढच्या आठवड्याची खोकी आली ती नावानिशी. या वेळेपासून नळ्या दवाखान्याला नव्हेत, पडताळणी झालेल्या लाभार्थ्याला मिळणार. सहा लाभार्थी, सहा खोकी. पाच नावं बरोबर होती. सहावं नाव सिस्टरचं होतं. जाऊबाईंचं नाव कुठेच नव्हतं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की एका पेशंटची निष्ठा समाधानकारक न आढळल्यामुळे ते नाव कमी करण्यात आलं आहे, आणि लाभार्थ्याचा मशिनवरचा फोटो व आभाराची ध्वनिफीत दर खेपेला जोडणं बंधनकारक आहे.

सिस्टरने आरोग्य खात्याला फोन केला. खात्यातला साहेब म्हणाला, "अहो, मिळतंय ना? मग कशाला उकरता? खालचे तर तेही देत नाहीत."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी साडेनऊला सिस्टर गणवेश उतरवते, गाउन घालते आणि दोन नंबरच्या पलंगावर निजते. वरच्यांचा माणूस येतो, फोटो काढतो, आभार टिपून घेतो, तिच्या नावाचं खोकं तिच्या सहीने तिला देतो. जाऊबाई तोवर बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसतात. माणूस गेला की सिस्टर उठते, चादर बदलते, गणवेश चढवते, आणि आपल्या नावाच्या नळ्या जावेच्या हाताला जोडते.

जाऊबाईंना पहिले दोन आठवडे कोणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी बाहेर बाकावर मेकॅनिकने सगळं सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी दाराला कान लावला. आत आल्या, निजल्या, सुई टोचून घेतली, मशिन सुरू झालं.

"मी खालच्यांचं नाव घेतलं म्हणे," त्या म्हणाल्या.

"पडदा माझा चुकला."

"हं. आणि तू जे म्हणतेस ना आत, ते फार वाईट म्हणतेस."

"जाऊबाई, आता त्यात पण चूक काढणार का?"

"काढणार. ‘ऋणी’वर तुझा आवाज पडतो. आवाज पडला की लाचारी ऐकू येते. बाहेर बाकापर्यंत ऐकू येते मला."

सिस्टरचा हात नळीवर थांबला. "लाचारीच आहे ती. मग काय गाऊ?"

"असू दे की! पण ती त्यांना कशाला ऐकवायची? नळ्यांबद्दल आभार द्यायचे त्यांना, आणि वर हीही फुकटात?" जाऊबाईंनी मोकळ्या हाताने स्टूल दाखवलं. "बस इथे. चार तास आहेत आपल्याकडे. गाडी पुकारतात तसं म्हणायचं. सुटणारी आपली नव्हे, येणारी आपली नव्हे, आपण फक्त पुकारतोय. म्हण."

सिस्टर बसली. मशिनचा काटा बघितला, जावेचा दाब बघितला, तो ठीक होता. मग ती म्हणाली. थोर जनता, दूरदर्शी सरकार, मी आणि माझं कुटुंब आजन्म ऋणी आहोत.

"पडला आवाज," जाऊबाई म्हणाल्या. "परत."